हाताला कळणारे वजन

काचेवर बोटांची टकटक झाली तेव्हा मी खाली बसून धाकट्याच्या पायातला निसटलेला मोजा वर चढवत होते, त्यामुळे आईच्या आवाजातली घाई मला आधी जाणवली आणि तिचे कारण नंतर दिसले. "मान, अगं मान धर बाळाची," असे ती सांगत होती. काचेच्या पलीकडे माझी सहा वर्षांची लेक मुक्ता, पांढरा डगला आणि कागदी टोपी घालून, एका रबरी बाळाला दोन्ही काखांत पकडून टबाकडे निघाली होती आणि बाळाचे डोके मागे लोंबत होते. आतल्या शिकवणाऱ्या मुलीने आमच्याकडे पाहून, काचेला हात लावू नका अशी हसून खूण केली आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले. पालकांनी आत येऊ नये, बाहेरून सूचना करू नयेत, असे त्या पाटीवर लिहिलेले होते. आईने हात मागे घेतला. मुक्ताने आजीकडे एकदा पाहिले आणि पुन्हा आपले सगळे लक्ष त्या ताईकडे लावले. घडले ते एवढेच. एखाद्या आजीने नातीला काही सांगू पाहावे आणि नातीने खेळाच्या नादात दुर्लक्ष करावे, यात जगावेगळे काही नाही. तरीही ती टकटक पुढे कितीतरी दिवस माझ्या मनात राहिली, कारण माझी आई मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून लागली आणि तीन दशकांनी परिसेविका म्हणून निवृत्त झाली. नुकतीच जन्मलेली किती बाळे तिच्या तळहातावरून गेली असतील, याचा हिशेब तिच्याकडेही नाही. आणि काचेपलीकडच्या त्या मुलीला, म्हणजे तिच्या सख्ख्या नातीला, हे ठाऊकच नव्हते.

मुक्ताच्या लेखी आजी म्हणजे शाळेची बस येईपर्यंत गेटजवळ उभी राहणारी, लिंबू पिळून पोहे देणारी, रात्री पाय चेपून घेणारी आजी. ती जन्मली त्याच्या आधीच आईची नोकरी संपली होती. आईला स्वतःविषयी बोलण्याची सवय नाही, आणि प्रसूतिकक्षातल्या गोष्टी लहान मुलांसमोर काढण्यासारख्या नसतात असे तिचे ठाम मत आहे. त्यामुळे आमच्या घरात अग्निशामक दलाच्या गाड्यांची पुस्तके होती, अंतराळवीरांचे कोडे होते, पण नर्स म्हणजे काय आणि ती आपल्याच घरात राहते, हा विषय कधी निघाला नव्हता. तो निघाला ठाण्यातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या रुग्णालयासमोर.

अशा जागांचे वर्णन मुले असलेल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. मनगटावर कागदी पट्टी, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे, कप्प्यात सारलेल्या चपला, तळहातावर सॅनिटायझरचा गार थेंब. आत गेल्यावर मात्र एक गोष्ट मला दर वेळी नव्याने जाणवते, ती म्हणजे तिथे खिडकी नसते. बाहेर ऊन आहे की आभाळ भरून आले आहे, दुपार कलली की नाही, याचा मागमूस आत लागत नाही. वेळ कळतो तो फक्त मनगटावरच्या पट्टीमुळे, कारण पैसे तासावर असतात. त्या बंद हवेत मक्याच्या लाह्यांचा, नव्या रबराचा आणि शंभर लहान पायांच्या घामाचा मिळून एक वास असतो. वरून जुन्या बालगीतांच्या चाली ढोलाच्या ठेक्यावर चाललेल्या असतात. त्या सगळ्याच्या मध्यभागी चेंडूंचा हौद. आमचा ईशान तीन वर्षांचा आहे. त्या हौदात तो छातीपर्यंत बुडाला की त्याच्या चेहऱ्यावर जे गंभीर समाधान पसरते, तसे ते पाण्यातही पसरत नाही. त्याचे बाबा हौदाच्या काठावर मांडी घालून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी चेंडूंत हरवलेला एक मोजा हुडकून काढत होते. ही चेंडूंच्या हौदाची कल्पना एरिक मॅकमिलन या कॅनडातल्या रचनाकाराची. टोरांटोच्या ऑन्टारिओ प्लेसमध्ये त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांसाठी एक आगळे क्रीडांगण उभारले होते, आणि त्याच दशकात पुढे त्यांनी असा हौद अमेरिकेतल्या एका उद्यानात साकारला. मऊ, गोल, कुठूनही न टोचणाऱ्या जगात मुलाला संपूर्ण शरीराने उडी मारता यावी, हे ज्याला सुचले त्याला मुलांची खरी पारख होती, असे ईशानकडे पाहताना मला मनापासून वाटते.

हौदाच्या पलीकडे ते छोटे शहर होते. एका बाजूला बँक, एका बाजूला लाल बंबाचे अग्निशामक केंद्र, प्लास्टिकच्या वांग्यांनी आणि सिमल्याच्या सफरचंदांनी भरलेले दुकान, केशकर्तनालय, पिझ्झा भाजण्याची भट्टी आणि टोकाला रुग्णालय. मुलांनी मोठ्यांची कामे करायची, त्याबद्दल खोटे पैसे मिळवायचे आणि तिथेच ते खर्च करायचे, ही सगळी कल्पना आपल्याकडे रुजली ती घाटकोपरला २०१३ मध्ये किडझानिया सुरू झाल्यावर. मूळ किडझानिया मेक्सिको सिटीतले, १९९९ चे. तिथून ते २००६ मध्ये टोकियोला गेले आणि मग जगभर पसरले. त्यांचे स्वतःचे चलनसुद्धा आहे, किडझो नावाचे. आता त्या धर्तीवरची छोटी छोटी शहरे ठिकठिकाणच्या मॉलांत निघाली आहेत, आणि आम्ही गेलो होतो ते त्यांपैकीच एक. या सर्व ठिकाणी एक गोष्ट सारखी असते. मुले आत असतात आणि मोठी माणसे काचेबाहेर. मुलाने स्वतः ठरवावे, स्वतः करावे, आईवडिलांच्या डोळ्यांकडे बघून करू नये, असा त्यामागचा विचार आहे. तो मला पटतो. काचेबाहेर उभे राहून मुलाला चुकू देणे हे आपल्याकडच्या पालकांना फार जड जाते, आणि त्या दिवशीही जवळपास प्रत्येक खिडकीबाहेर कुणी ना कुणी हातवारे करून "टोपी सरळ कर", "थँक्यू म्हण" असे सांगत होते. त्या सूचना आणि आईची सूचना मात्र मला एका जातीच्या वाटल्या नाहीत.

आमच्या लहानपणी सहलीचा दिवस आईच्या ऑफवर ठरत असे. तिचा ऑफ रविवारी यायचा तो क्वचितच, त्यामुळे शाळेला दांडी मारून मंगळवारी किंवा गुरुवारी राणीच्या बागेत जाणारी मुले म्हणून मला आणि माझ्या भावाला चाळीत एक वेगळाच मान होता. बरेचदा हा ऑफ रात्रपाळीनंतरचा असे. मग मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटाच्या जिन्यावरून आम्ही वर-खाली धावत असू आणि आई समोरच्या बाकावर पर्स मांडीवर ठेवून बसल्या बसल्या झोपलेली असे. माहीमच्या उरुसातला पाळणा वर थांबला की मला खाली गर्दीत तिची निळी साडी शोधायची सवय होती. घरच्या साड्यांत तिला निळ्या आवडत, कारण कामावर सगळा दिवस पांढरी असायची. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये गोराईला सुरू झाले तेव्हा ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. मी ते शाळेच्या सहलीत पाहिले, लाँचमधून जाताना वाऱ्याने उडणाऱ्या शेंगांच्या टरफलांसह, आणि २०२२ मध्ये ते बंद झाल्याचे कळले तेव्हा मला त्यातल्या कुठल्याही पाळण्यापेक्षा ती लाँच अधिक आठवली.

पण खेळ म्हणून जे माझ्या हातात खरोखर राहिले, ते या कुठल्याच जागेतले नाही.

घरी कुणी नसले आणि आईची दुपारपाळी असली की ती मला बरोबर घेऊन जात असे. प्रसूतिकक्षात मला प्रवेश नव्हता. बाहेरच्या ड्यूटी रूममध्ये एका उंच स्टुलावर मी बसायचे. तिथल्या मावशींनी मला काम शिकवले. कापसाची गुंडाळी सोडवून त्याचे सुपारीएवढे बोळे वळायचे. गॉजचे चौकोन घडी करायचे, पण असे की कापलेली कड आत जाईल, कारण सुटा धागा जखमेत राहिला तर तो सलतो आणि पिकतो. घड्या झाल्या की त्या पत्र्याच्या गोल डब्यात रचायच्या. त्या डब्याला ड्रम म्हणत. ड्रमच्या अंगाला भोके असतात आणि त्यांच्यावर सरकणारी पट्टी असते. ऑटोक्लेव्हमध्ये जाताना ती उघडी ठेवायची म्हणजे वाफ आत शिरते, आणि १२१ अंशांच्या वाफेतून बाहेर आल्यावर ती बंद करायची म्हणजे आतले सगळे निर्जंतुक राहते. पट्टी उघडी असलेल्या ड्रमला हात लावला तर चालेल, बंद असलेल्याला लावायचा नाही, हा नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. मी वळलेले बोळे ड्रममध्ये गेले आणि ड्रम लिफ्टने खाली गेला की मला आत काहीतरी ताठ झाल्यासारखे वाटे. कुणीतरी बाई उद्या हे वापरणार आहे, हे मावशी आवर्जून सांगत. एकदा माझ्या घडीतली कड बाहेर राहिली होती, तर त्यांनी न रागावता ती घडी माझ्यासमोर उलगडून पुन्हा माझ्याच हाती दिली. मुलीच्या हातचे म्हणून ते चालवून घेतले गेले नाही, याचा मला तेव्हाही आनंद झाला होता.

मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह उघडले तेव्हा त्यांना हेच दिसून आले होते, की हाताशी खरे काम असले तर मुले उंची खेळण्यांकडे फारशी वळत नाहीत. म्हणून त्यांच्या वर्गात पाणी ओतायचे ते खऱ्या भांड्यातून, आणि काचेचे पात्र फुटते हे मुलाला फुटल्यावरच कळते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि पुढे कोसबाडला त्या दोघींनी हाच विचार आदिवासी पाड्यांवरच्या मुलांपर्यंत नेला. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साधन झाले. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. भातुकलीतही हेच होते. सावंतवाडीच्या लाखेच्या रंगातल्या चुली, जाती आणि फळे दिसायला फार देखणी, पण त्यांच्याबरोबर एखादी आजी खरे चुरमुरे, खरा गूळ आणि चार खरे दाणे द्यायची, आणि भातुकली तेव्हा कुठे सुरू व्हायची. मुलांना मोठ्यांचे सोंग आवडतेच. पण सोंगात कुठेतरी एक खरी वस्तू असावी लागते, जी सांडू शकते, संपू शकते, फुटू शकते.

हे लिहिताना मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. आमच्या चाळीजवळच्या बागेत लोखंडी घसरगुंडी होती, तिचा पत्रा एका जागी उचकटला होता, आणि वैशाखात ती इतकी तापायची की मांडीची कातडी चिकटे. माझ्या भावाची पोटरी त्याच पत्र्याने फाटली आणि टाके घालताना आईनेच त्याचा पाय धरला होता. ठाण्यातल्या त्या जागेत सगळे खांब फोमने मढवलेले, खाली मऊ लादी, जाळीत कुठे बोट अडकणार नाही इतकी बारकाई. मी सहज म्हटले की आमच्या वेळी असले काही नव्हते तरी आम्ही वाढलो, तर आईने मला तिथेच थांबवले. "पडल्यावर मूल शहाणे होते म्हणणाऱ्यांनी कॅज्युअल्टीत एक रात्र बसावे," असे ती म्हणाली, आणि तिने वाकून तो फोम हाताने दाबून पाहिला, चांगला जाड आहे की नाही म्हणून. मुलांच्या डोक्याला मार लागू नये यासाठी कुणी इतका विचार केला, याचे तिला मनापासून कौतुक होते.

दुपारी खेळांच्या दोन फेऱ्यांमध्ये रुग्णालयाला थोडी विश्रांती होती. मुक्ता तिच्या बाबांबरोबर सँडविच खात होती, ईशान माझ्या खांद्यावर पेंगत होता आणि आई आजी-आजोबांसाठी ठेवलेल्या बाकावर बसली होती. ती मघाची मुलगी, गळ्यात ओळखपत्र आणि हातात पाण्याची बाटली घेऊन, आपणहून आमच्यापाशी आली. विशीतली असेल. "आजी, मघाशी तुम्ही काय सांगत होतात? मला आतून ऐकू आले नाही, आणि नियम आहे म्हणून बोलताही आले नाही," ती म्हणाली. तिच्या स्वरात मोकळी उत्सुकता होती. आईने आधी तिचे घर कुठे, जेवलीस का, हे विचारले. ती बदलापूरहून यायची, पहिल्या फेरीला वेळेवर पोहोचायचे म्हणून सकाळची गाडी धरायची, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. आणि मग तिने सांगितले की तिच्या ताईचे बाळंतपण नुकतेच झाले आहे, बाळ घरी आले आहे, आणि त्याला उचलायची तिला भीती वाटते. रोज कितीतरी मुलांना बाळ कसे सांभाळायचे ते शिकवणारी ही मुलगी हे सांगताना थोडी लाजली.

"आण बरे ते बाळ," आई म्हणाली.

त्या मुलीने आतून रबरी बाळ आणून आईच्या हाती दिले, आणि मी पुढे जे पाहिले ते मी अनेक वर्षांत पाहिलेले नव्हते. आईची बोटे आता सांध्यांत सुजलेली असतात, डब्याचे झाकण उघडायलाही ती मला हाक मारते. पण बाळ हातात येताच डावा तळहात आपसूक त्याच्या मानेखाली गेला, अंगठा आणि तर्जनी कानांच्या मागे अलगद टेकली, उजवा हात ढुंगणाखाली, आणि बाळ तिच्या कोपरापर्यंतच्या हातावर असे पसरले की त्याला पडायला जागाच उरली नाही. ते करताना ती त्या मुलीकडे पाहत होती, बाळाकडे तिने पाहिलेही नाही. मग तिने हात किंचित खालीवर केला, आणि तिच्या चेहऱ्यावर जुनी, कामावरची काळजी आली. "हे फार हलके आहे गं," ती म्हणाली. "दीड किलोसुद्धा नाही भरणार." त्या मुलीने सांगितले की आतल्या काट्यावर कुठलेही बाळ ठेवले तरी तीनच किलो दाखवतो, मुलांना तीन लिहायला सांगतात आणि मग शिक्का मिळतो. आई गप्प राहिली. अडीच किलोच्या खालचे बाळ आले की तिच्या कक्षात सगळ्यांच्या हालचाली बदलत असत, हे मला माहीत आहे. काटा पाहण्याआधीच हाताला वजन कळायचे, असे तिने मला पूर्वी एकदा सांगितले होते, आणि ज्या रात्री हाताला फार कमी कळायचे त्या रात्रीनंतर सकाळी घरी आल्यावर ती चहा न घेता अंघोळीला जायची.

तिने त्या मुलीला नीट शिकवले. आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, अंगठ्या आणि बांगड्या काढून. बाळाला उचलायचे ते बसून, उभ्याने नाही. डोके झाकायचे, कारण नव्या बाळाची ऊब डोक्यावाटे लवकर निघून जाते. जन्मल्या जन्मल्या अंघोळ घालायची नाही, निदान २४ तास थांबायचे. "आमच्या सुरुवातीच्या काळात आम्हीही लगेच घालत होतो, नंतर ते बदलले," असे तिने सांगितले, आणि मला तिच्या या वाक्याचा अभिमान वाटला. "बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, दिली का ताईच्या बाळाला? डाव्या दंडावर देतात. काही आठवड्यांनी तिथे छोटा फोड येतो. तो फोडायचा नाही, त्यावर हळद लावायची नाही, तो येणे चांगलेच असते." ती मुलगी मोबाइलमध्ये सगळे लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिने स्वतः बाळ घेतले, पहिल्यांदा चुकीचे, मग बरोबर. आईने तिचा अंगठा धरून कानामागे टेकवला.

मुक्ता सँडविच संपवून केव्हा आली ते मला कळले नाही. ती बाकाच्या टोकाला उभी राहून पाहत होती. तिची ताई, जिचे ऐकायचे असते ती ताई, आजीकडून शिकत होती, हे तिच्या दृष्टीने सगळ्या जगाची मांडणी बदलणारे होते. घरी परतताना गाडीत तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी, तुला कुणी शिकवले?" आणि त्यानंतर प्रश्न थांबले नाहीत. तू टोपी घालायचीस का, तुझे बाळ रडायचे का, तुला किती पैसे मिळायचे, ते खरे होते का. घोडबंदर रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि मला त्या रांगेविषयी प्रथमच कसलीही तक्रार नव्हती.

माझे मन तरीही दोन्हीकडे ओढले जाते. सहा वर्षांच्या मुलीला खेळातल्या बाळाचे वजन तीन किलोच असावे, असे मला आई म्हणून वाटते. सगळी बाळे तिथे निरोगी असावीत, सगळ्या आगी विझाव्यात, बँकेतून प्रत्येकाला पैसे मिळावेत. काळजी तिला यथावकाश भेटेलच. पण जे काम खेळ म्हणून तिच्यासमोर मांडले जाते, त्याच्यातून काळजी पूर्ण काढून टाकली तर त्या कामाला काय उरते, हाही प्रश्न मला सोडत नाही. नर्सचे काम म्हणजे डगला, टोपी आणि शिक्का नव्हे. हाताला दीड किलो कळणे आणि तरीही हात न थरथरणे, हे ते काम आहे. त्या छोट्या शहरातली सगळीच कामे अशी बाहेरून दिसणारी होती: पाण्याची नळी होती पण धूर नव्हता, भट्टी होती पण तिला धग नव्हती. आई हे सगळे मुक्ताला सांगत नाही, आणि तिने सांगूही नये. ती सांगते ते वेगळे. फार लहान बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवतात आणि ते तिथल्या उबेवर वाढते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या कमी पडायच्या, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या डॉक्टरांनी हा मार्ग धरला, आणि पुढे तो आमच्याकडेही आला. मुक्ताने त्या रात्री आपल्या कापडी सशाला ओढणीने पोटाशी बांधून घेतले आणि जेवायलाही तशीच बसली.

दिवाळीनंतर आमच्या मजल्यावरच्या शेजारणीला मुलगा झाला. बाराव्या दिवशी आम्ही बाळ पाहायला गेलो तेव्हा कौतुकाने कुणीतरी मुक्ताला म्हटले, "घे ना, घे मांडीवर." तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. हे खरे आहे," ती म्हणाली. खोलीतल्या बायका हसल्या, आई हसली नाही. तिने मुक्ताला न्हाणीघरात नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले, पलंगावर भिंतीला टेकवून मांडी घालून बसवले, मांडीवर उशी ठेवली, आणि आपला हात मानेखालून न काढता बाळ तिच्या मांडीवर टेकवले. मुक्ता श्वास रोखून बसली होती. बाळाने जांभई दिली, तिचे बोट घट्ट पकडले, आणि ती घाबरून आजीकडे पाहू लागली. "सोडवू नको, आपणहून सोडेल," आई म्हणाली. थोड्या वेळाने मुक्ताने विचारले, "आजी, हे किती किलोचे?" आईने हात किंचित वर-खाली केला आणि सांगितले, "तीनला थोडे कमी." शेजारणीने उशीखालची फाइल काढून दाखवली. आदल्या दिवशीच्या तपासणीचा आकडा होता २.९.

पुढच्या रविवारी मुक्ताच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस त्याच मॉलमध्ये आहे. ईशानला चेंडूंचा हौद हवा आहे आणि मुक्ताला या वेळी बंब चालवायचा आहे, रुग्णालयात आता जायचे नाही असे तिने जाहीर केले आहे. गुडघे दुखतात म्हणून आईने येऊ नये असे आम्ही सुचवून पाहिले. तिने साफ नकार दिला. त्या बदलापूरच्या मुलीच्या ताईच्या बाळाला आता बीसीजीचा फोड आला असणार, आणि घरात कुणी त्यावर हळद तर लावली नाही ना, हे तिला समक्ष विचारायचे आहे.